हिरव्या झाकणाचा डबा

१० जुलै, गुरुवार
आषाढी पौर्णिमा. सकाळी आईबरोबर विहारात. नोई ताई पण आली, मानखुर्दपर्यंत रिक्षा करून, पांढरा शर्ट, हातात कमळाच्या तीन कळ्या. आमच्या थाई रेस्टॉरंटची शेफ बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत बसली याचं आईला कोण कौतुक. शब्द वेगळे असले तरी चाल तिला बरोबर कळत होती. नंतर म्हणाली, थायलंडला वर्षावासात लोक दारू सोडतात. मी म्हटलं, आम्ही मटण-मासळी सोडतो. "तीन महिना? बाप रे!" ती चाखणार-खाणार सगळं, तिला कुठे काय.

म्हणजे आजपासून सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी टेस्टिंगला मी फक्त व्हेज चाखायचं. चिकनची करी बाकीचे चाखतील. सर (मालक) हसले. म्हणाले, "कॅप्टनच अर्धं चाखणार तर टेबलावर सांगणार काय?"

जैन ग्रीन करी आजही परत आली, टेबल ६ वरून. बरोबरच आहे. त्यात कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, राहिलं काय? नुसतं हिरवं नारळाचं पाणी. नोईला म्हटलं, "ताई, व्हेजमध्ये जीव नाही गं. काहीतरी कर."

संध्याकाळी टे. ४ ला कांताबेन, सून हेतल आणि नात. बेन चौथ्यांदा आल्या आणि चौथ्यांदा फक्त शहाळं. तेही समोर फोडलेलं.

१७ जुलै, गुरुवार
कांताबेन जेवल्या!!

सहाला दार उघडलं तेव्हा बाहेर उभ्याच होत्या. सूर्य मावळायच्या आत आटपायचं असतं त्यांना. हेतल म्हणाली, मम्मी, आज थोडं तरी खा. बेननी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "सुषमा, तू बोल. चालेल मला?"

मी सगळं सांगितलं. जैनांचा मसाला वेगळ्या खलात कुटतो, हिरव्या झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवतो, कढई वेगळी, पळी वेगळी. हा डबा कोण भरतं, कोण उघडतं, सगळं मी बघते. "माझा शब्द आहे, बा." (नात त्यांना बा म्हणते, म्हणजे आजी. मी पण.)

"तू बोलली ना. मग बस."

स्टार्टर आधी, मग करी, असं केलं नाही. नोईच्या घरी वाढतात तसं सगळं एकदम आणलं. भात मधोमध, करी, कच्च्या पपईचं सॅलड, टोफू. म्हटलं, एक चमचा भात, एक चमचा करी, कालवायचं नाही. बेननी दोन घास तसे खाल्ले, मग चमचा ठेवला आणि सरळ हाताने कालवलं. वाटी पुसून खाल्ली. सात वाजून पाच मिनिटांनी हात धुतले. नोई आतल्या दाराच्या गोल काचेतून बघत होती. बेननी तिला लांबून हात जोडले, तिने पण जोडले. दोघींचा नमस्कार सारखाच.

२४ जुलै, गुरुवार
परत आल्या. परत तीच करी. "तुझ्या हातचं" म्हणाल्या. माझ्या हातचं काय, मी फक्त उचलून आणते! पण ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजीची आठवण आली. वाशीमकडे तिला ज्या घरांत कामाला जावं लागायचं तिथे पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आणि इथे एक बाई जिने पन्नास वर्षांत बाहेरचा घास खाल्ला नाही ती माझ्या शब्दावर जेवते. आईला सांगितलं तर आई नुसती भाकरी थापत राहिली. मग एकदम म्हणाली, "नीट बघत जा हां त्यांचं."

करी खरंच सुधारलीय. मी पण रोज दुपारी तीच घेते, भातावर. नोईला विचारलं, काय केलंस? तिने हसून अंगठा वर केला.

३१ जुलै, गुरुवार
टे. ४ फुल्ल. बेननी शेजारणीला आणलं. आता जैन टेबलं आठवड्याला वाढतायत, सर खूश. एकेकाला तेच सांगते, वेगळा खल, वेगळा डबा, माझा शब्द. पाठ झालंय.

५ ऑगस्ट, मंगळवार
ब्रेकमध्ये लिहितेय. वरच्या स्टोअरमध्ये, तांदळाच्या गोणीवर बसून.

साडेतीनला भात घ्यायला आत गेले. नोई जैनांचा मसाला कुटत होती. वेगळाच खल, सगळं बरोबर. गवती चहा, मिरची, लिंबाची पानं. मग तिने मागच्या फळीवरून एक छोटी बरणी काढली, चमच्याच्या टोकावर काळपट जांभळं काहीतरी घेतलं आणि खलात टाकलं. आणि वास आला.

जवळा. आमच्या घरी उन्हाळ्यात तव्यावर जवळा भाजतात तोच वास. मला या वासाची ओळख कुणी करून द्यायला नको.

"ताई, हे काय?"

"कपी." असं सांगितलं जसं मीठ म्हणून सांगतात. "थोडा. सुसमा बोला ना, जीव नहीं? अब जीव है."

कोळंबीचं खारवलेलं, आंबवलेलं वाटण. तिच्या आईच्या घरी ते मांस नव्हेच. मांस म्हणजे तुकडा, जो चावायचा. हे म्हणजे मसाला. तिला व्हेजचं मी काय शिकवलं होतं? चिकन नको, मासा नको, अंडं नको, कांदा-लसूण नको. ती तंतोतंत पाळत होती. बरणीचं मी कधी विचारलंच नाही. फिश सॉसची बाटली मात्र मी पहिल्याच महिन्यात लाल टेप लावून वेगळी ठेवली होती, हुशार ना मी!

आणि एरवी मी दोन्ही करी शेजारी शेजारी चाखते. चिकनवालीत कपी असतेच. दोन चमचे लागोपाठ चाखले असते तर शेवटाला लागणारी ती एक चव दोन्हीकडे सारखी आहे हे जिभेला कळलंच असतं. पण मी वर्षावास पाळत होते. एकच चमचा.

माझं पण व्रत मोडलंच. त्याचं काही नाही. बेन तीन गुरुवार जेवल्या. शेजारीण एकदा. बाकीची टेबलं किती ते आठवायचं धाडस नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
नोईला नीट समजावलं. आधी हसली, मग कळलं तशी खाली फरशीवरच बसली. "आजी? टेबल चार?" तिला आत्ताच जाऊन बेनच्या पाया पडायचं होतं. मी थांबवलं. का थांबवलं?

सरांना सांगितलं. त्यांनी डबा कचऱ्यात रिकामा केला, बरणी फेकली, खल आणि कढई नवीन मागवली. एका तासात सगळं. मग केबिनचं दार लावून म्हणाले, "संपला विषय. बाहेर एक शब्द गेला तर उद्या दारावर मोर्चा. नोईचे व्हिसाचे पेपर माझ्या सहीवर आहेत, तिला परत पाठवावंच लागेल मला. आणि टेबलावर शब्द कोण देत होतं? मी?"

नाही. मी.

नोईची मुलगी तिकडे कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष.

७ ऑगस्ट, गुरुवार
आल्या. ठरवलं होतं, सांगायचं. करी नवीन मसाल्याची, शुद्ध, मी स्वतः समोर उभं राहून करून घेतलेली. पहिला घास घेऊन बेन थांबल्या. परत एक घास.

"आज काय कमी आहे ग? मागची जास्त चांगली होती. बाई बदलली काय आतली?"

म्हटलं, "नाही बा. मसाला थोडा बदललाय."

"मग जुनाच कर ना."

पाण्याचा जग घेऊन टे. ९ ला गेले. टे. ९ ला कुणी बसलेलंच नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार
सुट्टी. आईला सांगून टाकलं. चपात्या लाटत होती, लाटणं थांबलं.

"मुद्दाम केलंस?"
"नाही."
"त्या नोईने?"
"नाही गं."
"मग गप बस. म्हातारी बाई आहे. सांगून तिच्या पोटातलं काय बाहेर येणार आहे?"

बरं वाटलं. तासभर. मग भांडी घासताना तीच म्हणाली, "पण सुषे, आपल्याला कुणी असं न सांगता काही खायला घातलं असतं तर?" आणि नळ मोठा सोडला. ही बाई मला कुठल्याच बाजूला सुखाने उभी राहू देणार नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
बेन अठ्ठाई करणार आहेत. पर्युषणात आठ दिवस उपास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. वय एकाहत्तर. हेतल रडकुंडीला आली, "सुषमाबेन, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात." माझं!

बेन हसत होत्या. "अरे शरीर तर असंच जाणार. आत्मा जरा धुऊन घेते." आणि मग मला, "आता महिनाभर बाहेर खाणं बंद. आज तुझ्या हातचं शेवटचं."

तोंडाशी आलं होतं. बा, एक सांगायचंय, इतकं म्हणाले सुद्धा. त्यांनी मान वर केली. मागे गोल काचेत नोईचा चेहरा. काउंटरवर सर, बिलाच्या मशीनवर हात, नजर माझ्यावर.

म्हटलं, "पाणी नीट प्या."

भित्री आहे मी. दुसरा शब्द नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
टे. ४ रिकामं. बेनचा उपासाचा दुसरा दिवस असेल. दुपारी मी पण जेवले नाही. चारला चक्कर आल्यासारखं झालं, नोईने साखरपाणी पाजलं. असल्या उपासाने काय होतं? काही होत नाही. आपणच आपल्याला चांगलं म्हणवून घ्यायचं.

धंद्याची वाट लागलीय माझ्या पायी. टे. २ ला एक जोडपं, "जैन है ना पक्का?" आता खरोखर पक्कं आहे, रोज मी बघते. तरी तोंडातून हो निघेना. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मग पर्स उचलली. या आठवड्यात तिसरं टेबल उठून गेलं. सर म्हणाले, जमत नसेल तर दुसरा कॅप्टन बघतो. अकरा वर्षं या फ्लोअरवर काढली मी. कुणाला काय झेपेल, किती तिखट, नातवाला काय, आजोबांना काय, टेबलाजवळ जाताजाता कळायचं मला. लोक जेवायला यायचे ते करीसाठी कमी, कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय म्हणून जास्त. तेवढंच तर येत होतं मला. आता टेबलाकडे जायचीच भीती वाटते.

२५ ऑगस्ट, सोमवार
नोई घरी आली. आईने पिठलं केलं, नोईने दोनदा घेतलं. जाताना मोबाइलवर थायमध्ये काहीतरी बोलली आणि मराठीत उतरवलेलं माझ्यासमोर धरलं. "आजीला सांग. मी जाईन. माझी मुलगी समजेल."

मी म्हटलं, मुलीचं शेवटचं वर्ष आहे.

"यू नो स्लीप. यू नो ईट. मैं जाएगा, ओके."

म्हणजे आता नोईच्या नावाने लपायची सोय पण गेली. इतके दिवस वाटत होतं, तिच्यासाठी गप्प आहे. ती तर जायला तयार बसलीय. मग मी कुणासाठी गप्प आहे? उत्तर मला माहीत आहे. "तू बोलली ना, मग बस" असं म्हणणारं माणूस मला परत मिळणार नाही म्हणून.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी साडेअकरा. टेबलं मांडत होते. काचेचं दार हेतलने ढकललं आणि मागून बेन. किती वाळल्यात. पांढरी साडी नुसती गुंडाळल्यासारखी, हेतलचा दंड धरून. काल पारणं झालं म्हणे. मी धावत खुर्ची नेली. बसल्या नाहीत.

उभ्या उभ्या हात जोडले. मला. "मिच्छामि दुक्कडम्, सुषमा. जाणून, न जाणून, माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर. पहिल्या चार वेळा नुसतं शहाळं मागत होते, तुला वाईट वाटलं असणार."

पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदा धरला. कसंबसं म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्, बा. मला माफ करा. माझ्याकडून खूप..."

"तुझं कसलं ग!" आणि हसल्या. "केलं जा, माफ केलं."

झालं. माफी मिळाली. कशाची ते न विचारता. ती मला घेता येत नाही, परतही करता येत नाही. सर काउंटरवर बिलं लावत होते, मान वर केली नाही. हेतल म्हणाली, मम्मींना उभं राहवत नाही, चला. पण बेन हलेनात.

"रविवारी माझ्या घरी जेवायला ये. अकरा वाजता. तुझ्या आईला पण आण. आतल्या बाईला पण." हेतल म्हणाली, "पारण्याला पण कुणाला बोलावलं नाही मम्मींनी. तुम्हालाच."

मला जमणार नाही, रविवारी गर्दी असते, काहीतरी पुटपुटले. सर तेवढ्यात म्हणाले, "जा जा. सुट्टी घे." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला: जा, जेव, पण तोंड उघडू नकोस.

म्हणजे सांगायचं तर तिथेच. त्यांच्या घरात, ताटं मांडायच्या आधी. जेवून उठल्यावर ते सांगायचं तोंड मला राहणार नाही. आणि सांगितलं तर ताटं मांडली जातील का, माहीत नाही. नोईला निरोप दिलाय. तिने लगेच विचारलं, साडी नेसू का?

दारापर्यंत पोचवायला गेले. पायरी उतरताना बेन थांबल्या, मागे वळल्या.

"सुषमा, तू काय काय नाय खात ते सांगून ठेव हं मला. माझ्या हातून चुकून काही पडायला नको तुझ्या पानात."

मी म्हटलं, सगळं खाते, बा. रविवार परवाच आहे.