गुरुवारपर्यंत माझ्या गळ्यात

२९ मार्च, मंगळवार
नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते मोजायचं सोडून दिलं. आज टँकरवाल्याशी भांडले. म्हणतो नंबरानं मिळेल. म्हटलं, तुझ्या सासरवाडीच्या गल्लीचा नंबर आधी कसा लागतो रे? गुमान दोन टाक्या भरून गेला.

पुढच्या मंगळवारी नांदेडला चेकअप. छातीच्या गाठीचं ऑपरेशन तिथंच झालं, डाव्या बाजूचं, आता दरवर्षी उजवी बाजू मशीनमध्ये द्यायची आणि डॉ. बाई 'ठीक आहे' म्हणेपर्यंत देवाला वेठीस धरायचं. ह्यांना म्हटलं, त्या दिवशी दुकान बंद ठेवा. नाहीतरी भुसाराच्या दुकानात सध्या उंदीर सुद्धा उपाशी आहेत. तर ह्यांनी पेपर पुढं केला. उदगीर जिल्हा होणार, यंदा नक्की. मग तिथंच मोठा दवाखाना, तिथंच मशीन, नांदेडच्या बसची दगदग नाही. ह्यांचं मूळ गाव उदगीर, म्हणून एवढा हुरूप. मी लग्न होऊन आले तेव्हापासून होऊनच राहिला आहे तो जिल्हा.

मशीन उदगीरला आलं तर कमल कुठं भेटणार मला? हे मी ह्यांच्यापुढं बोलले नाही.

३१ मार्च
कमलला फोन लावला. ठरवून ठेवलंय ना आम्ही, दोघींचं चेकअप एकाच दिवशी. ती हदगावच्या पुढून येते, मी लातूरहून, नांदेड मधोमध. वॉर्डात तिची खाट माझ्या शेजारी होती, तेव्हापासूनचं हे.

फोन नेहमी तिचे मालक उचलतात, दत्तराव. "पाण्याला गेली." सकाळी तेच, सांजेला तेच.

पाण्याला? डॉ. बाईंनी दोघींना एकत्र बसवून बजावलं होतं, ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं बादली सुद्धा उचलायची नाही, हात सुजतो. कमलचा उजवा. माणूस काय डाव्या हातानं पाणी भरतं?

५ एप्रिल, मंगळवार
नांदेडहून परत. मशीन झालं नाही. माझ्यामुळं.

कमल दरवर्षी माझ्या आधी येऊन बाकावर बसलेली असते, पायाशी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. आज बाकावर कोणी नाही. दुपार झाली. फोन लावला तर, पाण्याला गेली.

मशीनच्या खोलीत गळ्यात काही चालत नाही. माझ्या गळ्यात लिंग, चांदीच्या डबीत. आम्हा लिंगायतांत ते जीव जाईस्तोवर अंगावेगळं करत नाहीत. पहिल्या वर्षी मी अडून बसले, मशीनवाली पोरगी वैतागली. बाहेरून कमल घुसली आत. म्हणाली, अंगावर ऱ्हायलं म्हंजे झालं ना? मंग दंडाला बांधू की. नळावर हात धुतले, डबीला बोट न लावता नुसता दोरा धरून माझ्या उजव्या दंडाला बांधून दिलं. डाव्या हाताला काही आवळायचं नसतं म्हणून उजव्या. तेव्हापासून ती बांधते. गेल्या वर्षी बांधता बांधता म्हणते काय, "काल घरी मटण व्हतं अक्का, म्या खाल्लं न्हाई. आज तुझा देव बांधायचा व्हता." मी तिथंच रडले. ती पोरगी घाबरली, म्हणे मावशी, दुखलं का?

आणि कमलचा नंबर आला की तिचं मंगळसूत्र माझ्या गळ्यात. सवाष्णीचं लेणं टेबलावर नाही टाकायचं, दुसऱ्या सवाष्णीच्या गळ्यात राहू दे, हे तिनंच ठरवलं. दुसरीचं मंगळसूत्र घालू नये म्हणतात. कोण म्हणतं त्याला आणा माझ्यापुढं.

तर आज माझं नाव पुकारलं आणि मी उठलेच नाही. हे म्हणाले, मी बांधून देतो इथं बाहेरच. म्हटलं, तुम्हाला पोत्याचं तोंड बांधता येतं, तेवढंच बांधा. आता खरं लिहिते. कुणीही बांधलं असतं तरी चाललं असतं. मला कमलशिवाय जायचं नव्हतं. अठरा तारीख मागून घेतली, दोघींच्या नावानं.

लोह्याला बस थांबली, ह्यांनी चहा आणून दिला आणि म्हणाले, हट्ट तब्येतीशी करू नये. बरोबर बोलले. राग आला तरी बरोबर.

८ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला, पुरण केलं, पुरणाला सुद्धा पाणी मोजून.

आज कमल सापडली फोनवर. आधी म्हणे गुडघे दुखतात. मग म्हणे बस चुकली. मग खरं. महिनाअखेरीला पूजाचं लग्न, तिच्या एकुलत्या एका पोरीचं. सोयऱ्यांना कमलच्या आजाराचं काही माहीत नाही, गावालाही नाही, नांदेडला ती गुडघ्याच्या औषधाला जाते असंच सगळे समजतात. "लगीन व्हऊ दे, मंग बघू." हात कसा आहे विचारलं तर पूजाच्या साड्यांचं काढलं.

म्हटलं, मी येते उद्या, पूजाचा आहेर घेऊन. तर म्हणते, येऊ नको, हितं पाणी न्हाई. अगं बाई, लातूरच्या बाईला पाण्याचा धाक घालतेस?

१० एप्रिल, रविवार
जाऊन आले कमलकडं. अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल पोचले. घर सारवलेलं, नवी चादर, माझ्यासाठी खिचडी आणि ताक. स्वयंपाकाची भांडी वेगळी घासून ठेवलेली, मला कळतं ते. पूजा गोड पोरगी आहे. सोयऱ्यांच्या दोन बाया पाहुण्या म्हणून घरात, त्यामुळं बोलायची सोय नाही. कमलनं लांब बाह्यांचं पोलकं घातलेलं, या उन्हात.

आज सकाळी टँकर आला. गावच्या विहिरीत पाणी सोडतात आणि मग बाया शेंदतात. गर्दी, ओढाओढ. कमल दोर ओढून राहिलेली. उजव्या हातानं. मी जाऊन दोर धरला तर म्हणते सोड अक्का, तुझा डावा. म्हटलं, तुझा उजवा. दोघी दोर धरून उभ्या, पोहरा मधेच लटकलेला, मागच्या बाया शिव्या द्यायला लागल्या. शेवटी एका म्हातारीनं ओढून दिला.

नंतर गोठ्यामागं नेलं तिला. बाही वर करायला लावली. मनगटापासून वर हात नुसता फुगलेला, बोट दाबलं की खड्डा. बांगड्या साबण लावून काढल्यात म्हणे. लग्नाआधी कासार येईल, पहिली बांगडी नवरीच्या आईच्या हातात भरेल, तेव्हा सगळ्यांना दिसेल, म्हणून रात्री झोप नाही. तिला भीती कासाराची नाही. तिला वाटतंय ते परत आलंय. विचारलं तर होकाराची मान हलवली.

"पोरीचं लगीन व्हऊ दे, अक्का. मंग मला काय व्हायचं ते व्हऊ दे."

मी तिला रागावणार होते. लई शब्द तयार होते. ते राहिले बाजूला. म्हटलं, ठीक आहे. अठरा तारखेला तू नाही आलीस तर मीही मशीनमध्ये जाणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. मागच्या मंगळवारी परत आलेच आहे तशीच, ह्यांना विचार. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या घरात चोरी केली. म्हणाली, तू लई वंगाळ बाई हाईस. म्हटलं, हाव, आहे.

निघताना दत्तरावांना ओसरीवर गाठलं. पाहुण्या ऐकत होत्या म्हणून फक्त एवढंच म्हटलं, भाऊ, लग्नघरात नवरीच्या आईनं पाणी भरायचं नसतं, आमच्याकडं तशी रीत आहे. अशी काही रीत नाही. ते खाली बघत राहिले. वाईट माणूस नाही, त्याला सांगितलंच नाही कुणी. की सांगितलं होतं आणि…

बसमध्ये उभी आले लोह्यापर्यंत.

१२ एप्रिल
रेल्वेनं पाणी आलं लातूरला. गाव लोटलं बघायला, फोटो काय, हार काय. हे पण गेले. येऊन म्हणाले, बघ, एवढं होतं तर जिल्हा का नाही होणार? मी म्हटलं, आता जिल्हा पण रेल्वेनंच आणतील. हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

कमलचा फोन नाही.

१६ एप्रिल
अजून नाही. ह्यांनी आज विचारलं, ती नाही आली तर तू खरंच जाणार नाहीस? मलाही माहीत नाही. उजव्या बाजूला हात लावून बघते रोज, काही नाही, पण 'काही नाही' हे मला काय कळणार.

१८ एप्रिल, सोमवार
कमल आली. बाकावर आधीच बसलेली. शेंगा नव्हत्या. म्हणाली, यंदा कुठल्या शेंगा.

दत्तरावही आले होते, पहिल्यांदाच. ह्यांनी त्यांना चहाला नेलं, जिल्ह्याचं सांगायला. बिचारे.

माझं नाव पुकारलं. आत गेलो दोघी. तिनं हात धुतले, दोरा घेतला, तर तिची उजवी बोटं वाकेनात. एकट्या डाव्यानं दोरा आवळेना. कमल रडकुंडीला आली. मग एक टोक तिच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या डाव्या हातात. दोनदा सुटलं. पोरगी म्हणाली, मावशी मी बांधते. दोघी एकदमच 'नको' म्हणालो. तिसऱ्यांदा बसलं.

माझं ठीक आहे. डॉ. बाई हसून म्हणाल्या, या आता पुढच्या वर्षी. आनंद व्हायला पाहिजे होता. नाही झाला, कारण तोवर कमल आत गेली होती आणि मी तिचं मंगळसूत्र गळ्यात घालून दाराकडं बघत बसले होते.

लई वेळ लागला. मग मला आत बोलावलं, तिनंच सांगितलं म्हणे, अक्काला बोलवा. डॉ. बाई म्हणाल्या, हाताची सूज घागरींनी आलेली असू शकते, पट्टी बांधून, व्यायामानं कमी होईल. पण काखेत काहीतरी हाताला लागतंय. ते काय आहे ते बघावं लागेल. सुई घालून तपासायला घेतलं. तेव्हा तिनं माझा हात धरला होता, त्या सुजलेल्या हातानं. रिपोर्ट गुरुवारी. पेशंटनं स्वतः यायचं.

बाहेर आल्यावर मी मंगळसूत्र काढायला लागले. तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. घरी गेले की म्या परत येनार न्हाई, मला म्हाईत हाय मी कशी हाय. तुझ्या गळ्यात असलं तर यावंच लागंल."

म्हटलं, वेडे, लग्नघर आहे, उघड्या गळ्यानं जाशील? स्टँडवर काळ्या मण्यांची पोत घेतली तिनं, तिथंच घातली. पाहुण्यांना सांगणार, वाट्या बदलायला सोनाराकडं दिलंय, लग्नासाठी. खोटं बोलण्यात पटाईत आहे बया. हदगावची गाडी लागली. खिडकीतून ओरडून सांगत होती, पदर घे वं, स्टँडवर चोर असत्यात.

माझा जीव आहे तिच्यावर. लिहून टाकलं.

२० एप्रिल, बुधवार
दोन मंगळसूत्रं घालून हिंडते आहे. शेजारीण बघते, विचारत नाही. हे विचारतात. दुसरा मालक कुठला केलास म्हणे, हदगावचा?

संध्याकाळी फोन लावला. दत्तरावांनी उचलला. आता म्हणणार पाण्याला गेली, म्हणून मी तोंड उघडूनच बसले होते. तर म्हणतात, "बसून हाय. पाण्याला म्या जाऊन आलो." ह्यांना सांगितलं, हदगावचा तुमच्यापेक्षा कामाचा निघाला, पाणी भरतो.

मग कमल आली फोनवर. पहिला प्रश्न, गळ्यातच हाय ना? म्हटलं, आहे. आंघोळीला बी काढू नको. म्हटलं, आंघोळीला पाणी कुठं आहे. हसलो दोघी. मग हळूच, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल,

"अक्का, वंगाळ निघालं तर?"

मला सगळ्यांना द्यायला उत्तर असतं. टँकरवाल्याला, ह्यांना, डॉ. बाईंना सुद्धा. आज शोधावं लागलं. म्हटलं, तरी तुझ्या गळ्यात मीच घालीन, आणि हात धरून परत आत नेईन, लग्नाआधी का नंतर ते तिथं बसून ठरवू. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. तिकडं कोणीतरी घागर ठेवल्याचा आवाज आला.

उद्या पहिली बस. ह्यांनी दुकान बंद ठेवतो म्हटलंय, मी सांगायच्या आधी. तिचे मणी माझ्यापेक्षा बारीक आहेत, मानेला टोचतात. निजताना काढून उशीखाली ठेवावं असं एकदा मनात आलं. नाही काढलं.