काखेतली कोंबडी

खडकी, पुणे ३
११ जानेवारी २००९

चि. रुपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होतो, पण माझे कान माझ्याआधीच रिटायर झालेत हे तुला ठाऊक आहे. काकूने ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं, त्यामुळे आता अर्ध्या खडकीला कळलंय की तुला ऑफिसात बेंचवर बसवलं आहे. आमच्या वर्ध्याच्या शाळेत गृहपाठ न करणाऱ्याला बाकावर उभं करत. तुम्हाला बसवतात, एवढी सुधारणा दिसते. चेष्टा राहू दे, पण चांगल्या इंजिनिअर मुलीला बाकावर का बसवतात ते सविस्तर लिही. मोबाइलवर मुंगीएवढ्या अक्षरांत नको. अंतर्देशीय पत्रं अजून मिळतात.

आमचं बरं चाललंय. काकूचे गुडघे दुखतात, तोंड शाबूत आहे. जुन्या बाजारात मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. कमांडर हॅलम नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने स्वतःची हकिगत लिहिली आहे. पहिल्याच पानावर त्याचा फोटो आहे: म्हातारा साहेब, कोपरावर विरलेला स्वेटर आणि काखेत कोंबडी. आरमारातल्या माणसाच्या काखेत कोंबडी कशी आली, हे कळावं म्हणून पुस्तक घेतलं. शिवाय माझा जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेला. पेट्या भरून पाठवल्या, गोळे उडतात कुठे ते कधी पाहिलं नाही.

तेराव्या वर्षी आईने पेटी भरून या हॅलमला शिकाऊ जहाजावर धाडलं. मग चीनचा किनारा, आफ्रिकेचा किनारा, आणि पहिल्या महायुद्धात एका विनाशिकेचा कप्तान. एवढं सगळं पाहिलं, पण लिहिणं मात्र ठणठणीत कोरडं. रडत नाही आणि हसतही नाही. मी दुपारी काकूला मराठी करून वाचून दाखवतो. ती तांदूळ निवडता निवडता ऐकते.

पत्र लवकर पाठव. लोभ पोटात आहेच, तो पाकिटात घालत जावा एवढंच.

तुझा,
बद्रीनाथकाका


बिबवेवाडी, पुणे ३७
२० जानेवारी २००९

ती. स्व. काकांस व सौ. काकूस,
रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

काका, बेंच म्हणजे खरा बाक नव्हे. ज्याच्या हाताला काम नाही तो बेंचवर, अशी कंपनीची भाषा आहे. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या. ज्या अमेरिकन बँकेसाठी आम्ही काम करत होतो तिचंच दिवाळं वाजलं, आणि आमचं काम बंद पडलं. पगार चालू आहे. रोज कंपनीच्या बसने खराडीला जाते, कार्ड दाखवून आत शिरते आणि कँटीनमध्ये बसून राहते. सगळे जण कामात असतात आणि मी कुणाच्याही वाटेत येऊ नये म्हणून खुर्ची सरकवत असते. मॅनेजरने गोड आवाजात सांगितलंय की मार्चअखेरपर्यंत नवीन प्रोजेक्ट मिळालं नाही, तर मी आपण होऊन राजीनामा द्यावा.

आई-बाबांना यातलं काही ठाऊक नाही. बाबा वर्ध्याच्या एसटी स्टँडवर भेटेल त्याला माझ्या कंपनीचं नाव सांगतात. तुमच्याकडे राहून मी शिकले, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. माझे घरमालक आप्पासाहेब इथलेच जुने शेतकरी. शेतांवर सोसायट्या झाल्या, आता मार्केट यार्डात त्यांचा गुळाचा गाळा आहे. त्यांचं म्हणणं, नुसतं बसून हाडं कुजत्यात, गाळ्यावर ये, सगळा माल कॉम्प्युटरवर चढव, लई काम हाय. मला आधी हसू आलं, मग रडू आलं. इंजिनिअर होऊन गुळाच्या ढेपा मोजायच्या? पण एका शनिवारी सहज गेले होते. गुळाच्या वासात दिवसभर कुणी ना कुणी मला काही विचारत होतं, आणि घरी आल्यावर कित्येक दिवसांनी भूक लागली. मी काय करू? तुमचा कमांडर कधी असा बसून राहिला होता का?

काकूच्या गुडघ्यांना तेल लावावं. आपली माया आहे तशीच ठेवावी, ही विनंती.

आपली,
रुपाली


खडकी
२ फेब्रुवारी २००९

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस आणि नेमकं तेच प्रकरण माझ्या हातात आलं. युद्ध संपल्यावर सरकारकडे जहाजं कमी आणि अधिकारी जास्त झाले. हॅलमला चाळिशीत अर्ध्या पगारावर घरी पाठवलं. बोलावू तेव्हा या, म्हणाले. म्हणजे तुझा तो बेंचच. तुमची कंपनी पूर्ण पगार देते, त्या मानाने इंग्रज कंजूष. हा दर महिन्याला ठेवणीतला कोट घालून लंडनला नौदलाच्या कचेरीत जाई, बाहेरच्या खोलीत बसे. आपलं नाव लक्षात आहे, असं ऐकून परत येई. अशी तीन वर्षं काढली. आणि तिसऱ्या वर्षी त्याला जहाज मिळालं, पहिल्याहून मोठं.

तेव्हा धीर सोडू नकोस. कपड्यांची इस्त्री मोडू देऊ नकोस. गूळ खायला चांगला, त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. आप्पासाहेब सज्जन दिसतात, त्यांना नम्रपणे नाही म्हण. आपल्या घरात तुझ्याआधी कुणी टाय लावायच्या ऑफिसात बसलेलं नाही, हे विसरू नकोस.

काकूचे आशीर्वाद. ती काही तरी पुटपुटते आहे, पण मला ऐकू येत नाही. लोभ वाढता असो.

तुझा,
काका


बिबवेवाडी
५ एप्रिल २००९

ती. सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुला लिहिते आहे. काकांच्या सांगण्यावरून मी आप्पासाहेबांना नाही म्हटलं. कमांडरला कसं जहाज मिळालं तेही त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की बोट आली की आम्हालाबी दाखव. दोन महिने मी इस्त्रीचे कपडे घालून कँटीनमध्ये बसले. मला जहाज मिळालं नाही. मंगळवारी राजीनामा देऊन कार्ड परत केलं आणि स्वारगेटपर्यंत रिक्षात रडत आले. रिक्षावाल्याने गाण्याचा आवाज कमी केला, एवढी एक माणुसकी त्या दिवशी पाहिली.

घरी येऊन काकांची पत्रं पुन्हा वाचली. चुका शोधायची सवय जात नाही. काकू, हॅलमला मोठं जहाज मिळालं, तर फोटोत त्याच्या काखेत कोंबडी कशी? तिच्यासाठीच पुस्तक घेतलं, असं काकांनी पहिल्या पत्रात लिहिलं आणि पुढे तिचं नावच काढलं नाही. तू रोज दुपारी ऐकत होतीस. मला खरं सांग.

तुझी,
रुपाली


खडकी
१२ एप्रिल २००९

चि. रुपालीस,
कौशल्याकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनीही दोनदा वाचलं. मग माझ्यापुढे कागद ठेवला आणि तूच लिही म्हणाले. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नकोस.

त्या माणसाला जहाज मिळालं नाही गं. तीन वर्षं कोट घालून गेला आणि एक दिवस कळलं, की आता तुमची गरज नाही. मग त्याने खेड्यात थोडी जमीन घेऊन कोंबड्या पाळल्या. प्रत्येकीला आपल्या एकेका जहाजाचं नाव दिलं. सगळ्यांत मोठ्या जहाजाच्या नावाची होती, तिने जन्मात अंडं दिलं नाही. पुस्तकात सगळ्यांत लांब प्रकरण कोंबड्यांचं आहे आणि तो हसतो तो तिथेच. वाचताना ह्यांनाही इतकं हसू आलं, की खालच्या बिऱ्हाडातून मुलं विचारायला आली. आणि चारच दिवसांनी ह्यांनी तुला ते पत्र लिहिलं. मी पुटपुटत होते ते हेच, की पोरीला खरं कळवा.

त्यांचा राग धरू नकोस. जन्मभर साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहिले. तू आत बसावीस, एवढंच त्यांच्या मनात. ते चुकलंच, आणि तुझे दोन महिने गेले, याचं मला फार वाईट वाटतं. मला इंग्रजी येत नाही, पण गोष्ट कळते. काखेत कोंबडी नि लंडनला वळसा, असं झालं त्याचं. तू आप्पासाहेबांकडे जा. फार तर नाही म्हणतील.

रविवारी जेवायला ये. तुझ्यावर जीव आहे तो आहेच, कागदावर कशाला लिहू.

तुझी काकू

ता. क. फोटो ध्यानात राहील असं वाटलं नव्हतं. कंपनीने तुझी नोकरी काढून घेतली, अक्कल तुझ्याकडेच ठेवली, हे बरं झालं. माझं चुकलं. — बद्रीनाथ


मार्केट यार्ड, गुलटेकडी
२८ एप्रिल २००९

ती. स्व. काकांस व सौ. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

आप्पासाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, की बोट बुडाली काय. मी कोंबडीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, की त्यांचीबी जमीन गेली तेव्हा ते वर्षभर तिच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहायचे. गाळ्यावरची कामाची जागा अजून रिकामी होती. चपला बाहेर काढून बस म्हणाले.

काल अक्षय तृतीयेला काम सुरू केलं. कॉम्प्युटरची पूजा झाली आणि आप्पासाहेबांनी नैवेद्याचा गूळ थेट कीबोर्डवर ठेवला. तीन बटणं चिकटली आहेत, त्यात माझ्या नावातला 'र' आहे. शेजारच्या दोन गाळेवाल्यांनीही विचारलंय. पुढे काय होईल ते माहीत नाही, पण भूक लागते.

काका, मला तुमचा राग आला होता. आता नाही. बाबांना मी फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे फोन दिला. तेव्हापासून ते एसटी स्टँडवर जात नाहीत, असं आई म्हणते. तुम्ही मे महिन्यात वर्ध्याला जाणार आहात. सोबत एक फोटो पाठवते आहे. गाळ्याच्या दारात मी उभी आहे, काखेत गुळाची भेली आहे, आणि आप्पासाहेबांच्या कॅमेऱ्यासाठी नव्हे, मनापासून हसते आहे. तो बाबांना दाखवा आणि गोष्ट तुमच्या मोठ्या आवाजात सांगा. फक्त या वेळी शेवट बदलू नका.

आपला लोभ गुळासारखा चिकटून राहो.

आपली,
रुपाली