चौथीच्या वर्गात बिऱ्हाड

ती. दादांच्या पायांवर सरूचा माथा.

औरंगाबादेत आम्ही सुखरूप आहोत. तुमचा खोकला थांबला का? वहिनींचे गुडघे कसे आहेत?

माझ्या बद्रीनाथला सरकारी घर मिळालं. जुन्या शाळेच्या वर्गांची घरं केली आहेत. आमच्या दारावर अजून ‘चौथी’ लिहिलेलं आहे, म्हणून शेजारणी मला चौथीवाली म्हणतात. हे हयात असते तर पोट धरून हसले असते. किराण्याच्या पुड्या वाचून शिकलेली मी, आणि थेट चौथीत! फळ्यावर सुनेने मसाल्याची फळी ठोकली आहे.

शाळा मात्र नदीपलीकडे हलवली. आपली नात कौसा तिसरी पास झाली, तर तिचा बाप म्हणतो, “पोरीला इतक्या लांब कोण सोडणार? तिसरी लई झाली.”

“मी सोडीन की,” मी म्हटलं.

“माय, तू गप बस. तुला काय कळतं शाळेतलं?”

दादा, तो तुमचंच ऐकतो. शाळा उघडायच्या आत या, नाही तर त्याला चार ओळी लिहा. पोर चौथीत झोपते, चौथीतच भांडी घासते. तिला चौथीत बसू दे, एवढंच सांगा.

तुमची धाकटी,
सरू