आम्ही नवीन व्हर्जनवर जातो

१९ ऑगस्ट
आजपासून नवीन व्हर्जन. सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर आम्ही इतकी वर्षं वापरतो, पण त्याचं नवीन व्हर्जन अख्ख्या नळदुर्गात कुणाकडं नाही. (जुनंही आमच्याशिवाय कुणाकडं नाही. तो मुद्दा वेगळा.) डाउनलोड लावलं. लाइट गेली. पुन्हा लावलं. महिनाभरात सगळी डिझाइन्स नवीनमध्ये नेणार.

२० ऑगस्ट
बिभीषणला फोन. हा माझा डिप्लोमापासूनचा मित्र आणि पार्टनर. तो मुरूमला घरी बसून बोर्ड डिझाइन करतो, मी इथं हायवेवरच्या गाळ्यात जुळणी आणि गिऱ्हाईक बघतो. म्हणजे धंद्याचा मेंदू मी. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा कंट्रोलर हे आमचं प्रॉडक्ट. तुळजापूरच्या बऱ्याच लॉजवर आहे.
नवीन व्हर्जनचं सांगितलं. म्हणाला, "आरं, जुनं चालतंय न्हवं? नवरात्र तोंडावर आलंय. दिवाळीनंतर बघू की."
भित्रा माणूस. डिप्लोमालाही असाच होता. परीक्षेच्या आधी अभ्यास करायचा.

२४ ऑगस्ट
तुळजापूरचे मल्लिकार्जुन शेठ नवीन लॉज काढतायत. घटस्थापनेआधी वीस कंट्रोलर पाहिजेत. बिभीषणनं डिझाइनचा पूर्ण फोल्डर पाठवला. आत सात-आठ फाइली. बोर्डाची तेवढी ठेवली, बाकीचा कचरा डिलीट. नवीन सुरुवात स्वच्छ पाहिजे.

२५ ऑगस्ट, सकाळ
फाइल नवीनमध्ये उघडली. इंग्रजीत लांबलचक मेसेज आला. ओके. दुसरा आला. ओके. तिसरा म्हणाला, सेव्ह केल्यावर जुन्या व्हर्जनमध्ये परत जाता येणार नाही. मीही परत जाणाऱ्यातला नाही. ओके.

दुपार
दोनशेच्या वर एरर. सेटिंगमध्ये 'इग्नोर' आहे. आता एरर शून्य. एक निळा दिवा आणि बोर्डावर आमची दोघांची नावं वाढवली. माझं जरा मोठं आलं, फॉन्टमुळं. शून्याचा फोटो बिभीषणला पाठवला. त्याचा मेसेज : 'एवढ्यात शून्य? फाइल पाठव, बघतो.' पाठवली. त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडेना. जे जगाबरोबर चालत नाहीत त्यांचं असं होतं.

३० ऑगस्ट
बिभीषण म्हणाला, "दम धर. आठवड्यात लॅपटॉप घेऊन येतो, सोबत बसून बघू, मगच बोर्ड बनवायला दे." आठवडा! बोर्डाची ऑर्डर हैदराबादला देऊन टाकली. त्याला सांगितलं नाही. सरप्राइज राहू दे.

१४ सप्टेंबर
बोर्ड आले. बघत राहावं असे. बायकोला, निकिताला दाखवले. म्हणाली, "बिभीषण भावजींनी तपासलेत का?" या घरात माझ्या डिप्लोमाला काडीची किंमत नाही.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून गाळा उघडला. आठवड्यात येतो म्हणालेला बिभीषण शेवटी आज सकाळच्या एसटीनं आला. सरप्राइज बघितलं. पहिला बोर्ड दोघांनी जुळवला. मग तो भिंग घेऊन बसला. म्हणाला, "ह्या २३० व्होल्टच्या रेघेला तांबं लई चिकटलंय. म्या इतकं जवळ ठेवलं नव्हतं." मी म्हणालो, थ्रीडीत छान दिसतंय. तो मोजायला लागला.
डेमोला मल्लिकार्जुन शेठांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. मी बटण दाबलं.
बिभीषणचा हात बोर्डावर होता.
मोठा फट् आवाज, धूर. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. शेठच त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. गाळ्याला कुलूप लावायचं असल्यामुळं मला मागं थांबावं लागलं.
हायवेच्या बाजूला व्होल्टेजचा भरवसा नसतो, हे मी आधीपासून म्हणतोय.

१८ सप्टेंबर
फोन केला नाही. आराम पडू दे त्याला.

२२ सप्टेंबर
कारण सापडलं! कुठल्या रेघेपासून तांबं किती लांब ठेवायचं हे नियम नवीन व्हर्जनमध्ये बोर्डाच्या फाइलीत राहत नाहीत, वेगळ्या फाइलीत असतात. ती मी डिलीट केलेल्यांत होती. मग सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं कमीत कमी अंतर धरलं आणि तांबं भरून टाकलं. म्हणजे चूक सॉफ्टवेअरची. दोनशे एररमध्ये मला नेमकी ही कशी सापडणार होती?
निकिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बटण पण सॉफ्टवेअरनंच दाबलं का?"
आज फोन करणार होतो. रविवारी कुणाला त्रास देऊ नये.

२३ सप्टेंबर
तात्पुरतं जुन्या व्हर्जनवर. ही माघार नाही, नियोजन आहे. जुनं पुन्हा टाकलं. माझी फाइल उघडेना, नवीनमध्ये सेव्ह केलीय म्हणे. फोल्डर रिसायकल बिनमध्येही नाही. सोळा तारखेला साफसफाई केली होती.
मूळ डिझाइन आता फक्त मुरूमला.

२५ सप्टेंबर
निकिता म्हणाली, "मुरूमला जावा. आधी हात बघा, मग फाइलीचं काढा." मी म्हणालो, हे मला सांगायला पाहिजे का? उद्या निघतो.

२६ सप्टेंबर
आभाळ आलं होतं. गेलो नाही.

२९ सप्टेंबर
शेठना फोन केला, दोन-चार दिवस वाढवून द्या म्हणालो. ते म्हणाले, "कशाला? झालं की काम." बिभीषणनं जुन्या डिझाइनचे बोर्ड तातडीनं करून घेतले. काल तो आणि त्याची बायको दैवशाला येऊन सगळे कंट्रोलर बसवून गेले. स्क्रू तिनं आवळले, म्हणाले. त्याला आवळता येईनात.
मला सांगितलं नाही. मला त्रास नको, असा विचार केला असेल.

१ ऑक्टोबर
मुरूमला गेलो. बिभीषण ओसरीवर बसला होता, हाताला पट्टी नव्हती. आधी हाताचं विचारायचं हे एसटीत तीनदा घोकलं होतं. तोंडातून निघालं, "तो फोल्डर देतोस का?"
त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला. तयारच ठेवला होता.
दैवशालानं स्टीलच्या पेल्यात चहा आणला. मला पेला हातात धरवेना, रुमालात धरला. त्यानं सरळ उजव्या हातात घेतला. मी म्हणालो, आरं भाजंल. तो म्हणाला, "ह्या दोन बोटांना गरम-गार कळत न्हाय आता." दैवशालानं पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला. बोटं लाल झाली होती. तो त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाची असल्यासारखा बघत होता.
मग म्हणाला, "कृष्णराज, हितनं पुढं तुझं तू कर, माझं म्या करतो." आवाज चढवला नाही. वर म्हणाला, "जेवून जा." भाकरी आणि शेंगाची चटणी होती. जेवलो. एसटीपर्यंत सोडायला आला.
घरी आल्यावर निकितानं दारातच विचारलं, "भावजींचा हात कसाय?"
मी म्हणालो, फाइल मिळाली.