एकटीसाठी खोली

राजारामपुरी, कोल्हापूर
९ मार्च १९८६

प्रिय नंदिनी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मी नोकरीला लागले आहे. तीन महिने झाले, तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. दचकू नकोस. नीट बस आणि सगळं ओळीनं वाच.

दिवाळीत तू आलीस तेव्हा माझा विचार होता, दिल्लीत वाळलेल्या पोरीला चार दिवस पोटभर खाऊ घालावं. तू बॅगसुद्धा उघडली नाहीस आणि म्हणालीस, अंबाबाईच्या दर्शनाला एकटी बाई आली तर तिला लॉजवर खोली मिळते का, ते मला बघायचंय, माझा प्रबंध त्यावरच आहे. मी तोवर समजत होते की पर्यटनाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे किल्ले आणि देवळं दाखवायला शिकणं. शेजारच्या सयाजीरावांनी तर तू दिल्लीला निघालीस तेव्हाच विचारलं होतं, "पावण्यास्नी वाढायचं शिकायला सून एवढ्या लांब कशाला धाडताय?" मी हसून सोडून दिलं होतं, पण सल राहिला होता.

तुला नाकारलं तर लोक म्हणतील, तरुण आहे म्हणून नाकारलं. म्हणून मीही पिशवी घेऊन निघाले. तू स्टँडच्या बाजूला गेलीस, मी महाद्वार रोडला. पहिल्याच लॉजवरच्या माणसानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "संगं कोण हाय?" कोणी नाही म्हटलं. "मालक?" वारले. "मग मुलगा तरी आसंल की?" मी म्हटलं, तोही गेला. नंदिनी, तुझ्या अभ्यासासाठी चार खोटी वाक्यं पाठ करून गेले होते, आणि तोंडातून निघालं ते खरंच. त्याचा चेहरा उतरला, त्यानं मला पाणी दिलं. किल्ली मात्र दिली नाही. "आज्जी, धर्मशाळंत बघा. एकट्या बाईला आमी देत न्हाय." हे मी तुला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना तू म्हणालीस, "तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणजे वय हे कारण नाही, आक्का. एकटं असणं हेच कारण आहे." वसंता गेल्यापासून आपण दोघी दुसरं काय सोसत होतो? लग्नकार्यात मागं उभं राहायचं, भाड्याचं घर बघायला गेलं की आधी पुरुष माणूस दाखवायचा. पण ते असं एका वाक्यात, डोळ्यांत पाणी न आणता मांडता येतं, हे मला तुझ्याकडून कळलं.

मग लॉजवाल्यांची ती बैठक. तुझ्या मैत्रिणीचे, मेहमुदाचे वडील गौसभाई त्यांच्यातलेच, म्हणून तुला बोलायला वेळ मिळाला. मी आणि मेहमुदा मागच्या बाकावर बसलो होतो. तू उभी राहिलीस आणि पुढचे दोघे-तिघे हसले. मोठ्या लॉजचे ते गणपतराव उठून म्हणाले, "बाई, उद्या काय भानगड झाली तर नाव आमचं खराब हुतंय. तुमचं काय, दिल्लीत बसून लिव्हायचं." तू शांतपणे म्हणालीस, "एकट्या बाईमुळं तुमच्याकडं झालेली एक तरी भानगड सांगा, मी आत्ता लिहून घेते." कुणालाच आठवेना. मग तू सांगितलंस की ज्यांना खोली मिळाली नाही त्या बायका कुठं बसून उजाडेपर्यंत थांबल्या. एक देवळाच्या पायरीवर, एक दवाखान्यात पेशंटची नातेवाईक आहे असं सांगून. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कुणाची ओ ही पोरगी?" मी म्हटलं, "आमची." एवढ्या मोठ्यांदा म्हटलं की पुढच्या रांगेनं वळून बघितलं.

तू परत गेलीस आणि पंधरवड्यात गौसभाई मेहमुदाला घेऊन घरी आले. म्हणाले, "आक्का, तुमच्या सूनबाईचं बोलणं डोक्यातनं जात न्हाय. वरचा मजला निव्वळ बायकांसाठी ठेवतो. पण काउंटरला बाईमाणूस पायजे. तुमी बसताय काय?" मी चहा गाळत होते. तिघांचे कप भरले आणि हो म्हटलं. तर अशी मी नोकरीला लागले. सकाळी जेवण उरकून जाते, दिवे लागले की मेहमुदाचा भाऊ रिक्षानं घरी सोडतो. मग गौसभाईंच्या घरच्या बायका बसतात. गल्लीत चर्चा झाली, या वयात लॉजवर कसली नोकरी म्हणून. झाली आणि थांबली.

आमच्याकडं पहिली उतरली ती संगमेश्वरकडची मीनाक्षी. इथल्या एका शाळेत तिची मुलाखत होती. मागच्या वेळी ती अशीच मुलाखतीला आली होती, पण खोली मिळाली नाही म्हणून स्टँडवर जागी बसली आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिला बोलताच येईना. तिनं मला एवढंच विचारलं, "दाराला आतून कडी आहे ना?" सकाळी न्हाऊन, केस विंचरून ती अशी खाली उतरली की मी बघतच राहिले. नोकरी मिळाली तिला. परत येऊन माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला तुझं नाव सांगितलं. आता मंगळवार-शुक्रवार आमच्याकडं जागा नसते. आणि गेल्या आठवड्यात कोण आलं असेल? गणपतराव! काउंटरपुढं घुटमळले आणि म्हणाले, "आमच्याकडंबी दोन खोल्या ठेवाव्या म्हणतोय. तुमी कसं करताय, सांगा की." मी खुर्ची दिली, चहा दिला आणि तुझा प्रबंध त्यांना तोंडपाठ ऐकवला.

आता मुद्द्याचं. परवा मेहमुदाच्या तोंडून गेलं की तुझ्या विभागानं तुला हाच विषय शिकवायला तिथं ठेवून घ्यायचं ठरवलंय आणि तू नको म्हणालीस. का, तर आक्का एकट्या आहेत. मला पत्रात तू फक्त लिहिलंस की मे महिन्यात कायमची येते. आधी मी रागावले, मग रडले, मग परत रागावले. अगं, एकटं असणं हे बाईला नाकारायचं कारण होऊ शकत नाही, असं भर सभेत सांगितलंस, आणि माझ्या एकटेपणाचं तेच कारण पुढं करून स्वतःला नाकारतेस? ते चालणार नाही. म्हणून हे पत्र. मीनाक्षी भाड्यानं घर शोधत होती आणि जिथं जाईल तिथं तिला पुरुष माणूस कोण, असं विचारत होते. मी तिला तुझी खोली दिली. तुझी पुस्तकं आणि वसंताचा फोटो माझ्या खोलीत आणलाय. कालच तिनं खिडकीला पडदा लावला. तू सुट्टीला ये, हक्कानं ये, माझ्याशेजारी गादी घालीन. पण कायमचं यायला आता या घरात जागा नाही. हे पत्र मिळताच विभागात जा आणि होकार देऊन ये.

तुझ्या होकाराची वाट बघणारी, तुझीच,
आक्का