विद्यार्थी पुन्हा घेण्याबाबत

मी, व्यवसायाने डॉक्टर, वय बहात्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. रक्तदाब मीच मोजला, ठीक आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सारे मुलीच्या नावे होते.

१. बँकेतील ठेवी मुलास. तो म्हणतो, "आई, घर विकून टाक, नाहीतरी तिथं कोण राहणार?" घर त्याला मिळणार नाही. वाईट वाटले तर वाटू द्यावे. मला हल्ली तेवढेही वाटत नाही.

२. मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांनी मुलीचा फोटो दालनात लावला आहे, तो उतरवून मुलाला द्यावा. ओळखपत्रावरचा आहे. त्यात ती घुमी दिसते, आणि घरात तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे.

३. घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या व पुढचा दवाखाना, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. येथे कॉलेजची मुले शिकायला येत. माझा नियम एकच: रुग्णाचे घर पाहिल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

शिकायला माझी मुलगीही आली. पहिल्याच दिवशी तिने नियम मोडून विटा वाहणाऱ्या एका बाईंना लिहून दिले, 'भरपूर विश्रांती'. बाई म्हणाल्या, "बरं डॉक्टर, ती कुठल्या दुकानात मिळते?" मुलगी खजील झाली, हसलीही. मग दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊ लागली. त्या बिनखिडकीच्या खोलीत बाईंचे सासरे खोकत पडलेले असत. मुलीला क्षय जडला, तो औषधांना दाद देईना. ती गेली. पुढच्या सोमवारी मी दवाखाना उघडला. विद्यार्थी मात्र बंद केले.

मी रडले नाही. लोक खंबीर म्हणतात. खंबीर कसली, आत काही हलतच नाही.

४. मागच्या महिन्यात त्या बाई तपासायला आल्या. म्हणाल्या, "पोरं येत नाहीत आता. आमच्यामुळं तुमची लेक गेली म्हणून ना?" मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत राहिले. उत्तर येथे देते. तुमच्यामुळे नाही, बाई. तिला तुमचे घर आवडायचे.

५. घर व दवाखाना माझ्या जुन्या विद्यार्थिनीस, जी आता डॉक्टर म्हणून माझ्याबरोबर बसते. अट अशी की येथे पुन्हा विद्यार्थी घ्यावेत. वस्तीत नेण्याआधी चांगले मास्क द्यावेत, त्यांची छाती वेळच्या वेळी तपासावी. आणि रुग्णांच्या घरी न्यावेच.

ती विचारते, "मॅडम, मग आजच का नको?" दारात पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी उभी राहिली, तर तिला 'वस्तीत जा' म्हणणे माझ्याच्याने होणार नाही. माझ्यामागे हिने म्हणावे.

सही: मृत्युपत्र लिहून ठेवणारी
ठिकाण: दवाखान्याची पुढची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी. सही.
२. विटा वाहणाऱ्या बाई. सही. मजकूर मी वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी थांबावे लागले, त्यांच्यासाठी.