जुना तांदूळ

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. तुमच्याशी वाद घालायची मला कधी सवय नव्हती, तरी हे लिहितो आहे. मी सध्या कोलकात्यात असतो. बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरी आणि बागबाजारात भाड्याचं घर. लेक इथेच वाढली, कायदा शिकते आहे. परवा जेवताना तिने मला कॅनडाची हकिगत सांगितली. तिकडच्या आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली, त्यांचे केस कापले, घरच्या भाषेत बोलली की मारलं, कित्येक मुलं घरी परतलीच नाहीत. जी जगली ती म्हातारपणी कोर्टात उभी राहिली, एकेकाने काय झालं ते सांगितलं, मग सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली. लेकीला कॉलेजात याच विषयावर बोलायचं आहे, आणि आपल्याकडच्या आश्रमशाळेत शिकलेल्या कुणाची तरी साक्ष तिला सोबत हवी आहे. "बाबा, तू आहेस ना घरातच! तुझीच रेकॉर्ड करते," ती म्हणाली. "ते तुझे गुरुजी मारायचे ना? मग ते व्हिलन होते की नाही, एवढं क्लिअर सांग." मी म्हटलं, रविवारी सांगतो. आज शनिवार आहे.

मला क्लिअर काहीच सांगता येत नाही, गुरुजी. मला कुणी ओढून नेलं नव्हतं. आईनेच बोट धरून डोंगर उतरवून आणलं, कारण शाळेत दोन वेळचं जेवण होतं. पण एकदा आत आल्यावर आमची वारली बोली फाटकाबाहेर राहिली. तोंडातून एक शब्द निसटला की हातावर छडी. "ही भाषा घेऊन जगात कुठे जाणार आहेस रे?" तुम्ही विचारायचात. खरंच कुठे गेलो असतो, ते मला माहीत नाही. तुमची भाषा घेऊन इथवर आलो, तर इथे ती समजणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि घरातली लेक ती इंग्रजी मिसळून बोलते.

पहिल्या वर्षीचा तो दिवस मात्र स्पष्ट आठवतो. शाळेमागच्या तुकड्यातलं लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं आहे. निंदणी आम्हीच केली होती. त्याच तांदळाचा भात दुपारी पानात येतो, वाफाळता, गोडसर वासाचा. आमच्या पाड्यावर नवं भात आधी कणसरीला दाखवतात, भगत तिची गाणी म्हणतो, मगच घरात कुणी नवा घास घेतो. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. तिच्याआधी खाल्लं तर ती रुसून शेतातून निघून जाते, एवढं मला कळत होतं. मी तोंड घट्ट मिटून बसलो. माझ्या शेजारची पाड्यावरची पोरंही तशीच. तुम्ही आलात, म्हणालात, "अन्नाचा अपमान करतोस? तुझा बाप तरी असा पांढरा भात खातो का?" आणि माझा जबडा दाबून घास आत घातलात. भात चांगला होता. त्याचंच मला जास्त रडू आलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला ते सांगितलं. सुट्टी संपल्यावर ती मला सोडायला आली ती फडक्यात गेल्या सालचा तांदूळ बांधून. तुम्ही व्हरांड्यात उभे होतात. ती तिच्या बोलीत बोलत होती आणि तुम्ही मला म्हणालात, "काय म्हणते? मराठीत सांग." ज्या भाषेसाठी छडी मिळायची तिचंच मी तुमच्यासमोर मराठी करत होतो. आई म्हणत होती, देवीला दाखवेपर्यंत पोराला हा जुना तांदूळ शिजवून घाला, नंतर काय ते घाला. तुम्ही म्हणालात, "सरकार जेवू घालतंय. इथे घराघराचा वेगळा स्वयंपाक होणार नाही. तिला सांग, हे उचल." मी सांगितलं. तिने उचललं नाही. पायरीवर ठेवून निघून गेली. ती तेव्हा बोललेली वाक्यं आज मला फक्त अर्थाने आठवतात, गुरुजी. त्यातला शब्द एकही आठवत नाही.

आणि मग पुढचं वर्ष. पुन्हा भात कापलं, पुन्हा सगळे पंगतीत बसलो. आचारी मावशी आमच्या पाड्यावरच्या पोरांपाशी आली ती वेगळं पातेलं घेऊन. भात जरा पिवळट, मोकळा, जुन्या तांदळाचा. मी वर पाहिलं तर ती डोळे वटारून कुजबुजली, "गुरुजींच्या घरचा आहे. गुमान गिळा. बोललात तर मलाच हाकलतील." तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे होतात. त्या दुपारी शेजारच्या पोराने आनंदाने आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं, तर तुम्ही वळून त्याला दोन छड्या दिल्यात. दर वर्षी असंच चाललं. वेगळं पातेलंही आणि छडीही. तुम्ही एका हाताने काय राखत होतात आणि दुसऱ्या हाताने काय पुसत होतात, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? कारण देवीआधी नवं न खाण्याचा नियम मी पाळायला शिकलो, पण कणसरीची गाणी शिकलो नाही. पाड्यावर ती म्हटली जायची तेव्हा मी तुमच्या वर्गात पाढे म्हणत असायचो. रजा द्यायची तुम्हाला कधी सुचली नाही. मागायची मला छाती नव्हती.

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशी, आमच्या माशीमा, वाटी घेऊन आल्या. इकडेही मार्गशीर्षात नवान्न करतात. नवे तांदूळ, दूध, नारळ, खजुराचा ताजा गूळ. आम्ही मराठी बोलतो म्हणून त्या मला बर्गी म्हणतात. जुन्या काळी बंगाल लुटायला आलेल्या मराठा घोडेस्वारांना इथे तेच नाव आहे. "ए बर्गीबाबू," दारातूनच म्हणाल्या, "तुम लोग हमारा इतना धान लूटके ले गया, उसका क्षतिपूरण कौन देगा, बोलो?" लेक खो खो हसली. "माशीमा, बाबाला तर स्वतःलाच भरपाई घ्यायची आहे!" त्या म्हणाल्या, "तो पहले मेरा देके जाओ, फिर अपना लेना." मीही हसलो. मराठ्यांनी आम्हाला कधी आपल्यात धरलं होतं, हे त्यांना कुठून समजावणार? वाटी देवापुढे ठेवली. देवघरात तुम्ही शिकवलेले सगळे देव आहेत. कणसरीची तसबीर मला कुठे मिळाली नाही, म्हणून तिच्या नावाने मूठभर तांदूळ असतो.

लेक फोन घेऊन मागे येऊन उभी राहिली. "आजीकडे नव्या भातापुढे जे म्हणतात ते म्हण ना, मला साक्षीच्या सुरुवातीला हवंय." मी हात जोडून उभा राहिलो. काहीच येईना. मग जे येतं ते म्हटलं. ती म्हणाली, "हे देवीचं?" मी म्हटलं, "नाही. गुरुजींचं." तिने फोन खाली केला. "मग तू भरपाई काय मागशील, बाबा? आणि कुणाकडे?" मी म्हटलं, ती गाणी. पण कुणाकडे मागू? तुमच्याकडेही ती नव्हतीच.

उद्या मी तिला छडी सांगेन आणि पातेलंही सांगेन. त्याची बेरीज करायला मला जमत नाही, तिला जमली तर तिने करावी. एवढं मात्र मी तिला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो: आज तिने ऐकली ती तुमची शाळेतली सायंप्रार्थनाच मी दर वर्षी नव्या भातापुढे म्हणतो, आणि तेव्हा डोळे मिटले की मला कणसरी दिसत नाही, खिडकीकडे तोंड केलेली तुमची पाठ दिसते.